पदक दाखवतात, जमीन लपवतात

आपलं पोर शर्यत जिंकलं की साहेब म्हणतो, बघा, सरकारी शाळेनं घडवलं! अमेरिकेतल्या कार्लाईल शाळेचंही असंच गुणगान चालतं. तिथल्या आदिवासी पोरांसाठी १८७९ ला मिलिटरीच्या बराकीत काढलेली निवासी शाळा. केस कापले, नावं बदलली, आपली भाषा बोललं की शिक्षा. १९१२ ला ह्याच पोरांनी फुटबॉलात मिलिटरी कॉलेजला २७-६ नं लोळवलं. (ज्या मिलिटरीनं बाप-आज्यांवर गोळ्या झाडल्या, तिलाच!) त्याच साली लुई तेवानिमानं ऑलिंपिकात १०,००० मीटरला रौप्यपदक मिळवलं. हा होपी जमातीचा, त्यांच्यात पळणं पिढ्यान् पिढ्यांचं. सरकारी शाळा नको म्हणाले म्हणून ह्याला न् ह्याच्या सोबत्यांना सोजिरांनी पकडलं न् तिथं धाडलं. मग पळायला शिकवलं कुणी?

आणि जमीन? १८८७ च्या कायद्यानं सामाईक जमिनीचे तुकडे पाडले. १९३४ पर्यंत १३ कोटी ८० लाख एकरांतले ९ कोटी गेले. शाळा १९१८ ला बंद, मागं पोरांची थडगी. तेवानिमा त्याआधीच गावी परतला होता, मेंढरं राखायला, शेती करायला.

साहेब सत्काराला आला तर हार घाला, पण पट्ट्याचे अर्ज टेबलावर ठेवा न् पोच घ्या.