सहल आखताना थोडे वगळावे

वार्षिक सहलीचे दिवस जवळ आले, की वर्गावर्गांतून ठिकाणांची यादी वाढू लागते. दोन दिवसांत सहा ठिकाणे होणार असतील तर पाचच का पाहावीत, असा हिशेब विद्यार्थी मांडतात आणि पालकांनाही तो पटतो. काही वर्षांपूर्वी मीही अशीच भरगच्च सहल आखली होती. परतल्यावर मुलांना निबंध लिहावयास सांगितला. बहुतेक निबंधांत बसमधील गाणी होती, उशिरा मिळालेले जेवण होते. देवळांची मात्र नुसती नावे होती आणि तीही एकमेकांत मिसळलेली. दोष मुलांचा नव्हता, माझ्या आखणीचा होता.

तेव्हापासून माझे मत झाले आहे, की लहान सहलीस एक लहान गाव पुरे. बेळगावकरांना असे गाव फार दूर शोधावे लागत नाही. सुमारे १५० किलोमीटरवर बदामी आहे. हीच चालुक्यांची राजधानी वातापी. पहिल्या पुलकेशीने इ. स. ५४३ मध्ये येथे किल्ला बांधला, हर्षवर्धनाला परतविणारा दुसरा पुलकेशी येथूनच राज्य करीत होता आणि ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने हे नगर जिंकले. आज तांबड्या कड्यांच्या कुशीत अगस्त्य तलाव शांतपणे पसरलेला आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर गावच्या बायका कपडे धूत असतात.

येथे पहिली सकाळ, ऊन चढण्यापूर्वी, लेण्यांना द्यावी. लेणी चारच आहेत: पहिले शिवाचे, दुसरे व तिसरे विष्णूचे, चौथे जैन. जाण्यापूर्वी प्रत्येकाने एकेका मूर्तीचा अभ्यास करावा आणि तेथे इतरांना ती समजावून सांगावी. पहिल्या लेण्यातील नटराजाचे अठरा हात मोजण्यातच किती वेळ जातो! तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा, कार्तिकी पौर्णिमेचा लेख आहे. त्यात ७८ मिळवावे, म्हणजे इ. स. ५७८ येते. फळ्यावर रुक्ष वाटणारी ही बेरीज त्या दगडासमोर उभे राहून केली, तर जन्मभर विसरणार नाही. संध्याकाळी भूतनाथाच्या देवळापाशी, पाण्याच्या काठी, काही न करता बसावे.

कोणी म्हणेल, "पट्टदकल २२ किलोमीटरवर आणि ऐहोळे सुमारे ३५ किलोमीटरवर असताना ती सोडणे हा करंटेपणा नव्हे काय?" आक्षेप खरा आहे. म्हणून दुसरी सकाळ पट्टदकलला द्यावी. ऐहोळे मात्र ठेवावे. हे लिहिताना मलाही जड जाते. तेथील मेगुती देवळावर रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा लेख आहे आणि त्यात तीन महाराष्ट्रकांचा व त्यांतील ९९,००० गावांचा उल्लेख आहे. तो पाहावा असे कोणत्या मराठी वाचकाला वाटणार नाही? परंतु राहिलेले ठिकाण आपल्याला पुन्हा बोलावते. धावत पाहिलेले ठिकाण 'पाहून झाले' म्हणून मनातून पुसले जाते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या कानी घालावीशी वाटते. ठिकाणे वाढली, की बसचे भाडे वाढते आणि त्याबरोबर वर्गणीही वाढते. माझ्या त्या भरगच्च सहलीला वर्गणी परवडली नाही म्हणून वर्गातील दोन मुले घरी राहिली होती. विद्यार्थिमित्रहो, यादीतील दोन ठिकाणे कमी करून आपले दोन सोबती बरोबर येणार असतील, तर कोणती ठिकाणे खोडावयाची एवढेच ठरवावयाचे उरते.