विश्लेषण : न्यायालयात हरलेल्या कर्ट फ्लडमुळे बेसबॉल कसा बदलला?

न्यूयॉर्क मेट्सने डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोतोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या वर्षभर आधी लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओतानीला १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर देऊ केले होते. दोघांचाही आधीच्या संघाबरोबरचा करार संपला, दोघेही बाजारात उतरले आणि दोघांनीही हवा तो संघ निवडला. १९७० पर्यंत अमेरिकी बेसबॉलमध्ये 'हवा तो संघ' असा प्रकारच नव्हता. तो आणण्यासाठी ज्याने आपली कारकीर्द पणाला लावली, त्या कर्ट फ्लडच्या पदरात त्यातले काहीही पडले नाही.

कोण होता कर्ट फ्लड?

जन्म १९३८ मधला, ह्यूस्टनचा. वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. सेंट लुइस कार्डिनल्सचा तो सेंटर फील्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या, सर्वांत मोठ्या पट्ट्याचा राखणदार. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे त्याला क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' मिळाला. १९६४ आणि १९६७ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या संघात तो होता. कारकीर्दीतली फलंदाजीची सरासरी .२९३. हे आकडे महान नसले, तरी पहिल्या फळीतले नक्कीच आहेत.

या आकड्यांत न दिसणारी एक गोष्टही आहे. उमेदवारीच्या काळात त्याला दक्षिणेकडच्या राज्यांतील छोट्या संघांमधून खेळावे लागले. तिथे कृष्णवर्णीय खेळाडूला गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात जेवता येत नसे, मुक्कामही वेगळा. मैदानावर एक संघ आणि मैदानाबाहेर दोन, हे त्याने विशीच्या आतच पाहिले होते. पुढे त्याने जी भाषा वापरली, तिचे मूळ इथे आहे.

वाद नेमका कशावरून?

७ ऑक्टोबर १९६९ रोजी कार्डिनल्सने फ्लडसह काही खेळाडू फिलाडेल्फिया फिलीज संघाला देऊन टाकले आणि बदल्यात त्यांचे काही खेळाडू घेतले. १२ हंगाम ज्या शहरात काढले, तिथून आपली रवानगी झाल्याचे फ्लडला फोनवरून कळले. त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नियम तसाच होता.

या नियमाचे नाव 'रिझर्व्ह क्लॉज'. मालकांनी १८७९ मध्ये आपसांत ठरवून सुरू केलेली ही पद्धत पुढे प्रत्येक खेळाडूच्या करारात शिरली. करार संपला तरी संघाला तो एक वर्षासाठी एकतर्फी वाढवता येई. आणि वाढवलेल्या करारातही हेच कलम असल्यामुळे तो पुन्हा वाढवता येई, असा मालकांचा अर्थ होता. म्हणजे एकदा सही केली की खेळाडू निवृत्त होईपर्यंत संघाचा. संघाला तो विकता येई, बदलता येई, काढून टाकता येई. खेळाडूपुढे दोनच पर्याय होते : मुकाट खेळणे किंवा खेळ सोडणे.

आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाला यात काय एवढे, असे वाटू शकेल. पण आयपीएलमधला करार ठरावीक मुदतीचा असतो आणि मधल्या अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. फ्लडपाशी यातले काहीच नव्हते.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, १९७० च्या हंगामासाठी इतर संघांचे प्रस्तावही विचारात घेण्याचा आपल्याला हक्क आहे, असा त्याचा आशय. माणूस मालमत्ता नसतो हे कून यांनी उत्तरात मान्य केले. मागणी मात्र फेटाळली.

एवढा पगार असताना तक्रार कशाची?

हा प्रश्न तेव्हा वृत्तपत्रांनी विचारला, प्रेक्षकांनीही विचारला. १९६९ मध्ये फ्लडला ९० हजार डॉलर मिळत होते. त्या काळी ही मोठी रक्कम होती. त्यावर दूरचित्रवाणीवर त्याने दिलेले उत्तर असे, की गुलामाला भरपूर पगार दिला म्हणून तो गुलाम असायचा थांबत नाही. ही तुलना अनेकांना अतिरंजित वाटली. तिच्यात अतिशयोक्ती होती, हे मान्य करावे लागेल. खेळ सोडून घरी जाण्याची मोकळीक गुलामाला नसते. पण प्रश्न पगाराचा नसून मर्जीचा आहे, हे सांगायला याहून नेमका शब्द त्याला कोणता मिळाला असता?

खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच सावध केले होते : खटला जिंकण्याची शक्यता फारच कमी, आणि जिंकला तरी तुला स्वतःला लाभ होणार नाही. इतर खेळाडूंना होईल ना, एवढेच फ्लडने विचारले. संघटनेने खर्चाची जबाबदारी घेतली. माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग वकील म्हणून उभे राहिले. मे १९७० मध्ये जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग हे निवृत्त दिग्गज साक्षीला आले. मैदानावर असलेला एकही खेळाडू मात्र न्यायालयात फिरकला नाही. नोकरी जाण्याची भीती खरी होती. तरीही सातत्याने सोबत खेळलेल्या सहकाऱ्यांपैकी कोणी मागच्या बाकावर येऊन बसायलाही धजावले नाही, ही या प्रकरणातली सर्वांत बोचरी बाब आहे.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

१९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, असे ठरवून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले होते. मुष्टियुद्ध, अमेरिकी फुटबॉल यांना ही सवलत नव्हती. १९ जून १९७२ रोजी न्यायालयाने मान्य केले, की ही सवलत विसंगत आहे. तरीही इतकी वर्षे चालत आलेली गोष्ट बदलायची तर काँग्रेसने बदलावी, असे म्हणत ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. नववे न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी भाग घेतला नाही, कारण कार्डिनल्सची मालकी असलेल्या मद्य कंपनीचे समभाग त्यांच्याकडे होते. बहुमताचे निकालपत्र लिहिणाऱ्या हॅरी ब्लॅकमन यांनी सुरुवातीला जुन्या बेसबॉलपटूंच्या नावांची लांबलचक यादी दिली. खेळावरचे प्रेम ओसंडून वाहणारे आणि खेळाडूला रिकाम्या हाती परत पाठवणारे असे हे निकालपत्र आहे.

मग बदल कसा झाला?

खटल्यामुळे हे कलम चव्हाट्यावर आले आणि मालकांना बचावाची भूमिका घ्यावी लागली. १९७३ मध्ये एक तडजोड झाली : दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला बदली नाकारता येऊ लागली. फ्लडला हा नियम पुरेपूर लागू झाला असता. त्यानंतर अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या गोलंदाजांनी नवा करार न करता हंगाम काढला आणि 'एक वर्षाची मुदतवाढ म्हणजे एकच वर्ष' असा साधा दावा केला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर सिट्झ यांनी तो मान्य केला. मालकांनी त्यांना लगेच पदावरून दूर केले. निर्णय मात्र टिकला. १९७६ च्या करारानुसार सहा वर्षे खेळलेला खेळाडू 'फ्री एजंट' होऊ लागला. १९७५ मध्ये सरासरी पगार सुमारे ४५ हजार डॉलर होता, तो १९८० मध्ये १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला.

फ्लडचे पुढे काय?

१९७० चा पूर्ण हंगाम त्याने गमावला. १९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सकडून तो परतला, पण फक्त १३ सामने खेळला. हात-पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. एप्रिलमध्येच तो संघ सोडून युरोपला निघून गेला. स्पेनच्या मायोर्का बेटावर त्याने बार चालवला, पैशाची चणचण आणि दारूचे व्यसन दोन्ही सोसले. २० जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, घशाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने 'कर्ट फ्लड कायदा' केला आणि मेजर लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती ती १९२२ ची सवलत रद्द झाली.

आज हे पुन्हा का आठवायचे?

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात २०२२ मध्ये झालेल्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या व्यावसायिक लीगपैकी पगारावर कमाल मर्यादा नसलेली लीग बेसबॉलचीच. अशी मर्यादा आणण्याच्या आग्रहातून १९९४ मध्ये संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. खेळाडूंना मोकळे सोडले तर श्रीमंत संघ सगळे विकत घेतील आणि खेळ बुडेल, हा मर्यादेच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. छोट्या शहरांतील संघांची अडचण खरी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. पण फ्लडच्या खटल्यातही मालकांच्या वकिलांनी 'रिझर्व्ह क्लॉज गेला तर बेसबॉल बुडेल' हेच सांगितले होते.

मार्विन मिलर यांना बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये मरणोत्तर का होईना, स्थान मिळाले. बोवी कून यांना त्यांच्याही आधी मिळाले. फ्लड अजूनही बाहेरच आहे.