एकी ठरावात झाली, सोयरिकीत कधी?

मंडळी, नाताळला आपण सगळे "समस्त ख्रिस्ती बांधवांना शुभेच्छा" असं एका दमात लिहून मोकळे होतो. पण त्यात कॅथलिक वेगळे, सीएनआय वेगळे, मेथडिस्ट वेगळे, पेंटेकॉस्टल वेगळे. शेजारी राहून आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

यातली बरीचशी फूट बाहेरून आली. युरोप-अमेरिकेतले पंथभेद मिशनऱ्यांबरोबर बोटीतून इथं उतरले. प्रोटेस्टंट मिशन्सनी मग भाग वाटून घेतले. नगर-सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, तर कोल्हापूर-मिरज प्रेसबिटेरियन मिशनकडे. म्हणजे माणसाचा पंथ ठरला तो बहुतेक वेळा जिल्ह्यावरून! कुर्डुवाडीकरांना हे लगेच कळेल. बार्शी लाईटच्या काळात माल तोच असायचा, पण छोट्या लाईनच्या डब्यातून उतरवून मोठ्या लाईनच्या डब्यात भरावा लागायचा. रुळांचं माप कंपनीचं, हमाली आपली.

हे आधी खटकलं ते इथल्याच लोकांना. १९१७ साली रेव्ह. ना. वा. टिळकांनी मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथं जागा होती. १९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीत बिशप अझरिया आणि सोबतच्या मंडळींनी सांगून टाकलं, की ही फूट आम्ही केलेली नाही, ती आमच्यावर लादली गेलीय. त्यातूनच १९४७ साली चर्च ऑफ साऊथ इंडिया उभं राहिलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. मेथडिस्टांचा एक मोठा गट मात्र ऐन वेळी बाहेर राहिला.

सीएनआयमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आहेत, आणि तो जाणत्या वयातच घ्यावा असं मानणारेही आहेत. दोघांचं म्हणणं ठेवून संसार एक केला. माझ्या मते एकीचा खरा अर्थ हाच. सगळ्यांना एका साच्यात घालणं म्हणजे एकी नव्हे.

पण ठराव झाला म्हणून सगळं मिटत नाही. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही, असा निकाल २०१३ साली लागला. जमिनीपाशी भल्याभल्यांची एकी अडते.

त्याहून अवघड गोष्ट घरातली आहे. पंथ परदेशातून आले, मान्य. पण सोयरीक जुळवताना हळूच विचारली जाणारी मूळची जात कुठल्या बोटीतून आली? ती इथलीच. त्यासाठी कुठल्या मिशनला दोष देणार?

बाकीच्यांनीही हसू नये. महाराष्ट्रात आजही कित्येक गावांत जातीनुसार स्मशानं वेगळी आहेत. जिवंतपणी एकत्र जेवणाऱ्यांना मेल्यावर वेगळं का व्हावं लागतं, याचं उत्तर आपण सगळ्यांनीच द्यायचंय.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये मोकळेपणाने लिहा. फक्त भाषा जपून.