शीड निवडावे ते शिवण बघून

‘नाखवा’ हे आडनाव कोकणी मुस्लिमांत आहे, कोळी बांधवांतही आहे. मूळ फारसी ‘नाखुदा’, म्हणजे जहाजाचा प्रमुख. आडनाव टिकले, शीड मात्र आपल्या हातून गेले. आज कुणी जुनी शिडाची बोट घेऊन समुद्रात उतरू पाहतो, तेव्हा मुख्य शिडाची किंमत ऐकूनच त्याचे पाय मागे येतात. मग सांगितले जाते, ही हौस श्रीमंतांची. मला हे मान्य नाही.

महागडे शीड म्हणजे प्लास्टिकच्या पातळ थरांत कार्बनसारखे धागे चिकटवलेले. ते आकार छान धरते, शर्यत जिंकून देते. पण वारंवार घड्या पडल्या, वाऱ्यात फडफडले की थर सुटू लागतात. साध्या प्रवासाला विणलेले पॉलिस्टर, म्हणजेच डेक्रॉन, पुरेसे आहे. 1968 सालच्या तंत्रावर बेतलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत कार्बनच्या शिडांना मज्जाव असतो. तरीही अभिलाष टॉमी 2023 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून त्या शर्यतीत दुसरे आले.

अर्थात, सगळे डेक्रॉन सारखे नसते. स्वस्त कापडात विणीची कसर राळ भरून काढतात. नमुन्याचा तुकडा मागा आणि मुठीत जोराने चुरगाळा. तो लगेच मऊ, लुळा पडला तर कापड परत करा. असे शीड लवकर ताणते, त्याला पोट सुटते. मग बोट जास्त कलते आणि वाऱ्याच्या दिशेने चढत नाही.

दुसरी गोष्ट शिवण. डेक्रॉन कडक असल्याने दोरा त्यात रुतत नाही, वरच राहतो. ऊन आणि घासणे आधी तोच सोसतो. म्हणून कापडाआधी बहुधा शिवण उसवते. तिहेरी शिवण, उन्हाला टिकणारा दोरा, कोपऱ्यांना जादा थर आणि वारा वाढल्यावर शीड आखूड करण्याची भक्कम सोय, एवढे मागून घ्या. वाचलेल्या पैशांतून जाड गवसणी शिवा. आपल्याकडच्या उन्हात गवसणीविना कितीही भारी शीड टिकत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी ते उतरवून गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, उसवलेले टाके घाला.

समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. त्यावर जायला श्रीमंती लागते, हा समज आधी उतरवून ठेवायला हवा.