भावी पिढ्यांवरील वटाव

हवामानबदलाच्या कारणांविषयी विज्ञानवेत्त्यांत आज जितके मतैक्य आहे, तितके त्यावरील उपायांच्या खर्चाविषयी अर्थशास्त्रज्ञांत नाही; आणि या मतभेदाचे मूळ बव्हंशी एका लहानशा आकड्यात आहे. हुंडी मुदतीपूर्वी वटविली तर सावकार वटाव कापून घेतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. हाच वटाव शतकानंतरच्या हानीवर कापला म्हणजे काय होते? तेव्हाचे एक लाख रुपयांचे नुकसान दरसाल १.४ टक्के दराने आज सुमारे २५ हजारांचे ठरते. दर ५ टक्के धरला तर तेच अवघे ७६० रुपयांचे! पूर तोच, वाहून गेलेली घरेही तीच.

ब्रिटिश अर्थखात्यासाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ साली सादर केलेल्या अहवालात साधारणतः पहिला दर होता. स्वस्थ बसल्यास जगाला दरवर्षी उत्पन्नाच्या किमान ५ टक्के हानी सोसावी लागेल आणि ती टाळण्यास सुमारे १ टक्का खर्च येईल, असा त्यांचा निष्कर्ष. येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस यांनी आक्षेप घेतला की, बाजारात भांडवलावर मिळणाऱ्या परताव्याशी हा दर जुळत नाही. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हे. २०१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच विषयातील कार्याबद्दल मिळाले, आणि कर्बवायूवर कर हवा असे तेही सांगत आले आहेत. उद्याची पिढी अधिक संपन्न होणार असेल, तर तिच्यासाठी आजच्या गरिबाने किती झीज सोसावी, हा प्रश्न खराच आहे. परंतु जगाची सरासरी संपन्नता सुंदरबनातील शेतकऱ्याच्या पदरात पडेलच, याची हमी कोणी द्यावयाची? आणि केवळ मागाहून जन्मला म्हणून माणसाचे मोल कमी लेखणे तर केंब्रिजच्या फ्रँक रॅम्झी यांनी १९२८ मध्येच नीतिदृष्ट्या असमर्थनीय ठरविले होते.

अमेरिकेत टनभर कर्बवायूने होणारी हानी २०२१ मध्ये ५१ डॉलर धरली गेली. २०२३ मध्ये वटावाचा दर उतरविल्यावर, इतर सुधारणांसह, ती १९० डॉलर झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवे अध्यक्ष आले आणि असे मूल्य सुचविणारा सरकारी गटच बरखास्त झाला. शास्त्राचा म्हणून मिरविणारा आकडा मतपेटीबरोबर असा हलतो!

आम्हांस वाटते, तो आकडा तज्ज्ञांच्या तळटीपेत दडवू नये. चाळीस-चाळीस वर्षे कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्राचा जमाखर्च आपल्याकडे मंजुरीस येतो, तेव्हा वटावाचा दर कोणता धरला आणि का, हे लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारावे व मंत्र्यांनी त्याचे उत्तर लेखी द्यावे.