ग्रंथालयाची सरावाची प्रत

'कोहा' ही ग्रंथालयांसाठी असलेली मुक्त संगणक-प्रणाली २००० साली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथे प्रथम वापरात आली; आज भारतातील अनेक ग्रंथालयेही ती वापरतात. तीत काही फेरफार करावयाचा झाल्यास तो थेट चालू सूचीवरच करून पाहणे मात्र घातक होय. एखादी आज्ञा चुकली, तर वाचकांकडे गेलेल्या पुस्तकांची नोंदच पुसली जावयाची! याकरिता निराळ्या संगणकावर, मग तो जुना का असेना, प्रणालीची स्वतंत्र प्रत उभारावयास हवी. डेबियन, मारियाडीबी व अपाचे ही तिची सामग्री विनामूल्य मिळते. १२७.०.०.१ हा पत्ता ज्या त्या संगणकाचा स्वतःचाच असल्याने त्यावर धाडलेली मागणी बाहेर जातच नाही. एकदा उभारणी झाली की इंटरनेट बंद असतानाही सराव चालतो. खेड्यातील शाळेस ही सोय लहान नव्हे. मूळ व प्रत यांच्या आवृत्त्या मात्र एकच असाव्यात, नाहीतर सरावात साधलेले प्रत्यक्षात अडते. खऱ्या वाचकांची नावे व पत्ते प्रतीत जसेच्या तसे उतरविण्याचा मोह होतो. तो सर्वथा टाळावा. सरावास कल्पित वाचक पुरतात, आणि अशी वीस-पंचवीस नावे ग्रंथपालास एका दुपारी रचता येतील.