विश्लेषण : शासन निर्णय वेबवर असतो, तरी शोधताना का सापडत नाही?

चिखलदरा तालुक्यातील एखाद्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ येते. नावाच्या जागी फक्त अठरा आकडे. निर्णय वनहक्काच्या दाव्यांचा आहे, पेसा क्षेत्रातील भरतीचा आहे की शिक्षकांच्या बदल्यांचा, हे फाइल उघडेपर्यंत कळत नाही. मेळघाटात फाइल उतरवायची तर आधी रेंज शोधावी लागते. महिन्याभराने तोच कागद तलाठ्यापुढे ठेवायची वेळ आली, की फोनमध्ये तशाच आकड्यांच्या वीस फायली दिसतात. कागद सरकारनेच प्रसिद्ध केलेला, फुकट आणि मराठीत आहे. तरीही तो वेळेवर हाती लागत नाही. यामागे बऱ्याचदा फाइलमधल्या काही रिकाम्या चौकटी असतात. त्या चौकटींतल्या मजकुराला मेटाडेटा म्हणतात.

अठरा आकडे काय सांगतात?

शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेला परिच्छेद असतो. निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे, असे त्यात लिहिलेले असते. हा संकेतांकच फाइलचे नाव बनतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. सुरुवात 20250107 अशी असेल तर तारीख 7 जानेवारी 2025. शेवटचे दोन आकडे विभागाचे असतात. 05 म्हणजे वित्त, 07 सामान्य प्रशासन, 19 महसूल व वन, 21 शालेय शिक्षण. एवढे ठाऊक असले तरी फाइल न उघडता अर्धी ओळख पटते.

विषय मात्र त्या आकड्यांत नसतो. तो शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरील तक्त्यात असतो. तिथे विभाग, शीर्षक, संकेतांक, दिनांक आणि फाइलचा आकार असे रकाने आहेत, आणि हा तक्ता खरोखर चांगला आहे. अडचण एवढीच, की शीर्षक तक्त्यात राहते आणि फाइल एकटी प्रवासाला निघते. जिल्ह्यांची संकेतस्थळे आता बहुतांशी एनआयसीच्या एकाच साच्यावर उभी आहेत. तिथेही चढवलेल्या फाइलला आकड्यांचेच नाव मिळते. यादीत मराठी शीर्षक, आकार, सगळे दिसते. फाइल फोनमध्ये आली की उरतात ते आकडे.

मेटाडेटा म्हणजे नेमके काय?

कागदाविषयीचा कागद. ग्रंथालयातील पुस्तकाचे कार्ड आठवा. पुस्तक कपाटात असते आणि नाव, लेखक, विषय कार्डावर. वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ फाइलला असे कार्ड आतच जोडता येते. शीर्षक, लेखक, विषय, शोधशब्द आणि भाषा हे त्यातले मुख्य रकाने.

हे रकाने कोणते असावेत यावर 1995 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी एक बैठक झाली. तिच्यातून पुढे 15 घटकांची यादी तयार झाली. तिचे नाव डब्लिन कोअर. आयर्लंडच्या डब्लिनशी तिचा संबंध नाही. आपण रोज वापरतो त्या वर्ड फाइलच्या आतही तिचे घटक असतात. डॉक्स फाइल ही खरे तर झिप फाइल असते. तिच्या प्रतीचे शेवटचे नाव बदलून झिप केले आणि उघडले, तर आत एका छोट्या फाइलमध्ये शीर्षक आणि लेखकाच्या खुणा डब्लिन कोअरच्याच सापडतात.

या चौकटी बहुतेक वेळा रिकाम्या नसतात, चुकीच्या भरलेल्या असतात. जुनी फाइल उघडायची, मजकूर बदलायचा आणि नव्या नावाने जतन करायची, ही सगळ्याच कार्यालयांची रीत आहे. शीर्षक मग तीन वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाचेच राहते. कॉलेजात आम्ही सबमिशनला सिनियरची फाइल घ्यायचो आणि पहिल्या पानावरचे नाव तेवढे बदलायचो. प्रॉपर्टीजमध्ये सिनियर तसाच बसलेला असायचा. गूगलच्या निकालांत ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ने सुरू होणारी शीर्षके दिसतात, तीही याच निष्काळजीपणातून. वर्डमधून प्रिंटच्या वाटेने पीडीएफ केली, की शीर्षकाच्या चौकटीत असे काहीबाही जाऊन बसते.

मराठी फायलींची अडचण वेगळी का?

इंग्रजी फाइलचे शीर्षक चुकले तरी शोधयंत्र आतला मजकूर वाचून वेळ मारून नेते. मराठीत ही सोय भरवशाची नाही. कारणे तीन आहेत.

पहिले कारण जुने फॉन्ट. योगेश, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कागदावर डोळ्यांना ‘महाराष्ट्र शासन’ दिसते. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांग असते. तिच्यात ‘शासन’ हा शब्द नसतोच, मग शोधयंत्राला तो मिळणार कुठून? दुसरे कारण स्कॅन. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, की ते पानाचे छायाचित्र होते. गूगल अशी छायाचित्रेही वाचू पाहते, पण फिकट झेरॉक्स आणि मजकुरावर उमटलेला गोल शिक्का यांपुढे त्याचे फारसे चालत नाही.

तिसरे कारण कमी लोकांना ठाऊक आहे. युनिकोडमध्ये नीट टाइप केलेली मराठीही पीडीएफमध्ये गेल्यावर बिघडू शकते. पीडीएफ अक्षरांपेक्षा आकृत्या आणि त्यांच्या जागा सांभाळते. पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, पण दिसते अक्षराआधी. जोडाक्षराची तर स्वतंत्र आकृती असते. अशा पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवून पाहा. वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरे गळतात. शोधयंत्राच्या हातीही बऱ्याचदा तसाच मजकूर येतो.

म्हणून मराठी फाइलमध्ये युनिकोडात लिहिलेले शीर्षक आणि चार शोधशब्द हेच अनेकदा शोधयंत्राला मिळणारे एकमेव शुद्ध मराठी असते. इंग्रजी फाइलला ही वरची सोय आहे. मराठी फाइलचे मात्र तिच्यावाचून अडते.

‘चिखलदऱ्या’तला ऱ्या

त्यात आपल्या भाषेच्या खास खोड्या. गावाचे नाव चिखलदरा, पण वाक्यात ते चिखलदऱ्यात, चिखलदऱ्याचा, चिखलदऱ्याहून असे येते. हा ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. शेतकऱ्यांना, अधिकाऱ्यांची, कर्मचाऱ्यांसाठी हे शब्द नसलेला शासन निर्णय शोधून दाखवा! वनहक्क आणि वन हक्क, ग्रामसभा आणि ग्राम सभा हे घोळ निराळेच. इंग्रज काळातील गॅझेटियरमध्ये तर याच ठिकाणाचे नाव शेवटच्या ‘रा’शिवाय, चिकल्दा असे छापले आहे. शोधशब्दांच्या चौकटीत गावाचे मूळ रूप, प्रचलित इंग्रजी स्पेलिंग, तालुका आणि जिल्हा एकदा लिहिले, की यातला बराच गुंता सुटतो.

चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. पेसा कायदा इथे लागू आहे आणि ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. ते बजावायचे तर नियम, गावांच्या याद्या आणि निर्णय हाताशी लागतात. नाहीतर एका कागदासाठी घाट उतरून परतवाड्यामार्गे सुमारे 80 किलोमीटरवरच्या अमरावतीला जावे लागते, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. इथे घरोघरी कोरकू बोलली जाते. कागद मराठीत आहे की कोरकूत, हे भाषेच्या चौकटीत नोंदवता येते. अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर तीच चौकट पाहून आवाज निवडते. ती चुकली तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जाऊ शकतो.

नियम काय सांगतात?

नियमांची उणीव नाही. माहितीचा अधिकार कायदा 2005 चे कलम 4 सांगते की प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवावेत, म्हणजे माहिती मिळणे सुकर होईल. या कलमाच्या अंमलबजावणीवर माहिती आयोगांनी सातत्याने लक्ष ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये किशनचंद जैन यांच्या याचिकेवर सांगितले. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. पानाला शीर्षक, शोधशब्द आणि भाषेचा मेटाडेटा असावा, उतरवायच्या फाइलपुढे प्रकार आणि आकार लिहावा, ही अपेक्षा त्यांत जुनीच आहे. जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने कार्यालयांसाठी 100 दिवसांचा सात कलमी आराखडा आणला, त्यातही संकेतस्थळ अद्ययावत करण्याचे कलम होते. संकेतस्थळाचे रूप पाहून गुण देणे सोपे आहे. चढवलेल्या फाइलच्या आत कोण डोकावणार, हा खरा प्रश्न आहे.

फाइल चढवणाऱ्याने काय करायचे?

काम दोन मिनिटांचे आहे. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो. तिथे शीर्षक आणि टॅग भरायचे. पीडीएफ ‘सेव्ह ॲज’ने करायची आणि ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजवर खूण आहे ना, ते पाहायचे. लिब्रेऑफिसमध्ये हीच चौकट फाइल, प्रॉपर्टीज, डिस्क्रिप्शन इथे सापडते. स्कॅन जोडायचाच असेल तर त्याच्याबरोबर मूळ युनिकोड फाइलची पीडीएफही चढवावी.

लेखकाच्या चौकटीत मात्र व्यक्तीऐवजी कार्यालयाचे नाव हवे. फेब्रुवारी 2003 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान कार्यालयाने इराकवरचा अहवाल वर्ड फाइलच्या रूपात वेबवर ठेवला होता. तो कोणी कोणी हाताळला, त्या चौघांची नावे फाइलच्या आतल्या नोंदीतून बाहेर आली आणि सरकारची पंचाईत झाली. टंकलेखकाचे नाव किंवा दुसऱ्याच कार्यालयाचे नाव जगजाहीर करण्याची गरज नसते. वर्डमधील ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ अशा नोंदी दाखवते आणि पुसूनही देते. तो मात्र शीर्षक आणि शोधशब्दही पुसू शकतो, म्हणून आधी साफसफाई करावी आणि मग चौकटी भराव्यात.

तोवर वाचकाने कसे शोधायचे?

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर आधी विभाग आणि तारखांचा टप्पा निवडा, मग शीर्षकात येईल असा एकच छोटा शब्द टाका. ‘शेतकऱ्यांना’ ऐवजी ‘शेतकरी’ आणि ‘शेतक’ अशी दोन्ही रूपे करून पाहा. गूगलवर ‘चिखलदरा’ मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळे शोधा, ‘मेळघाट’ आणि ‘धारणी’ही टाकून पाहा. एक निर्णय सापडला की त्याच्या वरच्या ‘वाचा’ या यादीकडे जा. आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा तिथे ओळीने मिळतात. फाइल फोनमध्ये उतरल्या उतरल्या तिचे नाव विषय आणि वर्ष घालून बदला, पण मूळ संकेतांक पुसू नका. व्हॉट्सॲपवर आलेला निर्णय खरा आहे का, हे पाहण्यासाठी तोच संकेतांक संकेतस्थळावर टाकायचा असतो. तिथे काहीच आले नाही, तर पीडीएफ पुढे पाठवण्याआधी संबंधित कार्यालयाला फोन करा.